एनएसटी चांगली आली, तरी घरी का सोडलं नाही : सदतिसाव्या आठवड्यातलं एक प्रकरण

आधी दोन खुलासे. एनएसटी म्हणजे पोटावर पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांची यंत्राने काही वेळ घेतलेली नोंद. या प्रकरणातली बाई कुणी एकच नाही. तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहात एकाच वळणाने येणारी काही प्रकरणं एकत्र करून हे लिहिलं आहे, म्हणून नाव-गाव शोधू नये. तपासण्यांचे आकडे मात्र अशा बाळांत जसे मिळतात तसेच ठेवले आहेत.

वय 23, पहिलटकरीण. नवरा पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला, माहेर सातारा जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण झाल्यावर आईकडे आली. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी झालेली होती, त्यामुळे आठवड्यांच्या हिशोबाबद्दल शंका नव्हती. विसाव्या आठवड्यात व्यंग शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी नॉर्मल. बत्तिसाव्या आठवड्यात बाळाचं अंदाजे वजन 1,720 ग्रॅम, म्हणजे सरासरीपेक्षा कमी, पण दहाव्या सेंटाइलच्या (तेवढ्याच आठवड्यांची शंभर बाळं वजनाच्या क्रमाने लावली तर खालून दहावं) बऱ्यापैकी वर. तेव्हा कुणी घाबरावं असं त्यात काही नव्हतं. हिमोग्लोबिन 10.2, साखर ठीक, रक्तदाब प्रत्येक वेळी नॉर्मल.

ती आली तेव्हा 37 आठवडे आणि 1 दिवस झाला होता. संध्याकाळची ओपीडी, सोबत आई.

"मॅडम, बाळ हलतंय, पण आधीसारखं नाही. आधी जेवण झालं की लाथा सुरू व्हायच्या, रात्री झोपू द्यायचं नाही. परवापासून नुसतं वळवळल्यासारखं होतं नि थांबतं."

आई लगेच म्हणाली, "अहो मॅडम, नववा लागला की पोर गप्पच होतं. जागा कुठं असते त्याला?"

सकाळी ती जवळच्या एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे छोट्या डॉपलरवर ठोके ऐकवले, 142 भरले, "बाळ छान आहे" म्हणून घरी पाठवलं. दुपारी आशाताई घरी आल्या. त्यांनी कार्ड पाहिलं, तिच्याशी बोलल्या, आणि ठोके लागले म्हणून घरी बसू नका, आजच्या आज दाखवून या, असं बजावून गेल्या. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय आशाताईंचा होता आणि तो त्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय घेतला.

आईचं बोलणं घराघरांत ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. शेवटच्या महिन्यात हालचालींचा पोत बदलतो. मोकळ्या उड्या कमी होतात. ढकलणं, सरकणं, पोटावर उंचवटा येणं जास्त जाणवतं. पण हालचाली कमी होत जात नाहीत. प्रसूतीच्या दिवसापर्यंत बाळ आपल्या नेहमीच्या लयीत हलत राहतं. बाळ एका वेळी साधारण 20 ते 40 मिनिटं झोपतं; निरोगी बाळ सलग दीड तासाहून जास्त झोपणं विरळाच. "दोन दिवसांपासून गप्प" याला झोप म्हणता येत नाही.

यातला फरक प्रश्न विचारण्यातही असतो. गर्दीच्या ओपीडीत आपण विचारतो, "बाळ हलतंय ना?" त्याला उत्तर ठरलेलं, "हो." ही बाईही सकाळी "हो" म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. "गेल्या आठवड्यात हलायचं तसंच हलतंय का?" असं विचारलं की ती थांबते, आठवते आणि मग खरं काय ते सांगते. या प्रश्नाला अर्धं मिनिट जास्त लागतं. मी तो प्रत्येकीला विचारते, आणि माझ्याकडच्या नर्सनाही तसाच विचारायला शिकवलं आहे.

तपासणी सुरू केली. रक्तदाब 128/84, लघवीत प्रथिनं नाहीत, पायांवर सूज बेताची. तिला टेबलावर घेतलं आणि पोटाची उंची मोजली. टेप उलटी धरायची, आकड्यांची बाजू खाली. गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत ताणायची, तिथे बोट ठेवायचं आणि मगच उलटून आकडा वाचायचा. आकडे समोर दिसत असले की आपण नकळत अपेक्षित आकड्यापाशी थांबतो. 33 सेंटिमीटर भरले. या आठवड्याला 37 च्या आसपास हवेत. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो, चारचा नाही.

मग फाइल उलटी चाळली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात 27, बत्तिसाव्यात 30, पस्तिसाव्यात 32. पहिले दोन आकडे सासरच्या गावातल्या डॉक्टरांचे, तिसरा माहेरच्या उपकेंद्रातला. एकेकटा पाहिला तर प्रत्येक आकडा खपून जातो. आलेखावर टिंबं देऊन ती जोडली की रेघ आडवी पडत चाललेली दिसते. पण टिंबं जोडायची कुणी? निम्मं गरोदरपण एका गावात, उरलेलं दुसऱ्या गावात, सोनोग्राफी तिसऱ्या ठिकाणी. माहेरी येण्याच्या आपल्या रीतीबद्दल मला तक्रार नाही, पहिल्या वेळी मुलीला आई जवळ हवी असते. पण तिच्याबरोबर तिची सगळी कागदपत्रंही आली पाहिजेत, आणि नव्या ठिकाणी ती नुसती पिशवीत न राहता पहिल्याच भेटीत पुढून मागेपर्यंत वाचली गेली पाहिजेत. माता-बाल संरक्षण कार्डाची पानं भरणं हे अनेकांना कारकुनी काम वाटतं. या बाईच्या बाबतीत निदान त्या पानांवरच होतं.

ठोक्यांकडे जाण्याआधी तिच्या मनगटावर नाडी मोजली, 88. हे मुद्दाम करायचं असतं, कारण डॉपलरवर कधीकधी आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज मिळतो आणि तिची नाडी घाबरून 120 वर गेलेली असली तर तो आवाज बाळाचा म्हणून खपतो. घरी वापरायला मिळणारी छोटी डॉपलर यंत्रं मला त्यामुळेच धोक्याची वाटतात. ठोके ऐकू येतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि दवाखान्यात यायचा दिवस पुढे ढकलला जातो. ठोके लागणं म्हणजे बाळ जिवंत असणं, एवढंच त्यातून कळतं. ते कसं आहे हे कळत नाही.

एनएसटी लावली. तिला डाव्या कुशीवर थोडं कलतं झोपवलं, कारण उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. (अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रात्रीही झोप लागताना कुशीवरच असावं, हे सगळ्यांनाच सांगायचं.) बाळाचे मूळ ठोके 145, म्हणजे 110 ते 160 च्या नॉर्मल पट्ट्यात. पण रेघेची थरथर कमी, पाच-सहा ठोक्यांचीच. पहिल्या 20 मिनिटांत एकदाही ठोके वर चढले नाहीत. तिच्या आईने पिशवीतून बिस्किटं काढली. भूक असेल तर तिने जरूर खावं, पण गोड खाऊ घालून एनएसटी सुधारते याला आधार नाही. ग्लुकोज देऊन केलेल्या अभ्यासांत फरक पडलेला दिसत नाही. एनएसटी पुढे चालू ठेवली. एकतिसाव्या मिनिटाला ठोके चढले, अडतिसाव्याला पुन्हा. दोन्ही वेळा 15 ठोक्यांहून जास्त आणि 15 सेकंदांहून जास्त काळ. ठोके कुठे घसरले नाहीत.

नियमाप्रमाणे ही एनएसटी "रिॲक्टिव्ह", म्हणजे चांगली, झाली. वीस मिनिटांच्या कोणत्याही पट्ट्यात असे दोन चढ मिळाले की पुरे. रिपोर्टवर सही करून, "उद्या पुन्हा या" सांगून घरी पाठवता आलं असतं आणि कागदावर त्यात कुणाला चूक काढता आली नसती.

मला थांबावंसं वाटलं याची दोन कारणं होती. एक, ती अजूनही म्हणत होती की हालचाल नेहमीसारखी नाही. दोन, ते 33 सेंटिमीटर. एनएसटी त्या घडीला बाळाच्या मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळतोय का, एवढंच सांगते. पासबुकात आजची शिल्लक दिसावी तसं. गेले पाच आठवडे जमा किती आणि खर्च किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते बघायचं तर वाढ, पाणी आणि रक्तप्रवाह बघावा लागतो.

फॉर्म एफ (गरोदरपणातल्या सोनोग्राफीसाठी कायद्याने लागणारा) भरला, सोनोग्राफी केली. अंदाजे वजन 2,150 ग्रॅम. या आठवड्यासाठी ते तिसऱ्या सेंटाइलच्याही खाली जातं. पाच आठवड्यांत बाळ 430 ग्रॅम वाढलं होतं. या काळात निरोगी बाळ आठवड्याला साधारण 200 ग्रॅम घेतं, म्हणजे हजाराच्या आसपास वाढायला हवं होतं. डोक्याचा घेर ठीक, पोटाचा घेर तिसऱ्या सेंटाइलखाली. पोषण कमी पडलं की बाळाच्या यकृतातला साठा आधी संपतो, म्हणून पोट आधी बारीक दिसतं. डोकं शेवटपर्यंत सांभाळलं जातं. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा 2.4 सेंटिमीटर, एएफआय (पोटाच्या चार भागांतल्या कप्प्यांच्या खोलीची बेरीज) 6.1. दोन्ही कमी, पण नॉर्मलच्या हद्दीत. बायोफिजिकल प्रोफाइलमध्ये हालचाल, स्नायूंचा ताण, पाणी आणि एनएसटी यांचे प्रत्येकी 2 गुण मिळाले. अर्ध्या तासात श्वासाची हालचाल दिसली नाही, म्हणून 10 पैकी 8. हाही आकडा पुस्तकात "समाधानकारक" या रकान्यात बसतो.

नाळेच्या धमनीचा डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीवर रक्तप्रवाहाची तपासणी : पीआय (प्रवाहाला होणाऱ्या रोधाचा आकडा) 1.08, वरच्या बाजूला पण नॉर्मल, दोन ठोक्यांच्या मधला शेवटचा प्रवाह टिकून. इथेही थांबता आलं असतं. पुढची पायरी म्हणजे बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीचा डॉपलर. तिथे पीआय 1.02, या आठवड्यासाठी पाचव्या सेंटाइलखाली. मेंदूच्या आकड्याला नाळेच्या आकड्याने भागलं की जे गुणोत्तर येतं, त्याला सीपीआर म्हणतात. ते आलं 0.94. या वयात ते एकाच्या बरंच वर असायला हवं.

थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच गफलत होते. वारेकडून (गर्भाशयाला चिकटलेला, नाळेतून बाळाला पोसणारा अवयव) प्राणवायू कमी पडू लागला की बाळ जपून खर्च करतं. मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडच्या रक्तवाहिन्या ते सैल सोडतं आणि बाकीच्या अवयवांकडच्या आवळतं. मूत्रपिंडांकडे रक्त कमी गेलं की लघवी कमी होते आणि दिवसागणिक पाणी उतरतं, कारण शेवटच्या महिन्यांत गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीचंच असतं. हातपाय हलवण्याचा खर्चही ते कमी करतं. म्हणजे आईला जाणवलेली "गप्प" ही बाळाने केलेली काटकसर असते, आणि ती एनएसटी बिघडण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असू शकते.

बत्तिसाव्या आठवड्याच्या आधी वाढ खुंटते तेव्हा वारेतल्या रक्तवाहिन्यांचा बराच भाग निकामी झालेला असतो, आणि ते नाळेच्या डॉपलरवर ठळक दिसतं. उशिरा खुंटणाऱ्या वाढीत वार आतापर्यंत पुरेशी असते, मोठ्या झालेल्या बाळाला ती पुरेनाशी होते. नाळेतला रोध नॉर्मल राहतो, मेंदूचा डॉपलर मात्र बदलतो. म्हणून सदतिसाव्या आठवड्यात फक्त नाळेचा डॉपलर करून "डॉपलर नॉर्मल" असं लिहिणं अपुरं आहे. या दोन प्रकारांच्या निदानासाठी 2016 साली तज्ज्ञांच्या सहमतीने वेगळे निकष ठरले, आणि उशिराच्या प्रकाराच्या निकषांत सीपीआरला जागा मिळाली.

सोनोग्राफी चालू असताना तिच्या आईने दोनदा विचारलं, "पाणी किती आहे?" आपल्याकडे सगळ्यांची चिंता पाण्यावर आणि नाळेच्या वेढ्यावर एकवटलेली असते. मानेभोवती नाळेचा एखादा सैल वेढा कितीतरी निरोगी बाळांना असतो आणि तेवढ्यावरून काही ठरवायचं नसतं. पाण्याचंही तसंच. एएफआय पाचच्या खाली या निकषाने पाहिलं की "पाणी कमी" ची निदानं वाढतात, कळा सुरू करण्याचं प्रमाण वाढतं, आणि बाळांना त्याचा वेगळा फायदा होताना दिसत नाही. म्हणून एकाच खोल कप्प्याचं माप जास्त चांगलं मानलं जातं. "पाणी कमी झालंय, नारळपाणी प्या, आठवड्याने या" हा सल्ला मला पटत नाही. पाणी का कमी झालं, हे आधी बघायला हवं.

निर्णय असा. 37 आठवडे पूर्ण, वजन तिसऱ्या सेंटाइलखाली, सीपीआर कमी, हालचाल मंदावलेली. आता पोटात ठेवण्यात बाळाचा काहीही लाभ नाही. फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची गरज या वयाला नाही. प्रसूती करायची, पण जिथे नवजात शिशूंचा विशेष कक्ष, बालरोगतज्ज्ञ आणि रात्रीचं ऑपरेशन थिएटर आहे तिथे. आमच्याकडे नवजात कक्ष नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन करून कळवलं. चिठ्ठीत सगळे आकडे, एनएसटीची मूळ पट्टी, आणि "हालचाल कमी, दोन दिवस" हे पहिल्या ओळीत लिहून अँब्युलन्सने पाठवलं. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझर आणि ही ने-आण मोफत आहे, हे अजूनही अनेक कुटुंबांना ठाऊक नसतं. घरचे खर्चाच्या विचाराने रात्रभर थांबू बघतात.

नवऱ्याचा फोन आला. "मग सरळ सिझरच करा ना मॅडम, रिस्क कशाला?" प्रश्न रास्त होता. पण वाढ खुंटलेलं प्रत्येक बाळ सिझरचं नसतं. नेदरलँड्समध्ये झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या डिजिटॅट अभ्यासात, दिवस भरत आलेल्या आणि वाढ कमी असल्याचा संशय असलेल्या बाळांच्या 650 आयांपैकी निम्म्यांच्या कळा सुरू केल्या, निम्म्यांची वाट पाहिली. कळा सुरू केल्यामुळे सिझर वाढली नाहीत. नाळेचा प्रवाह टिकून आहे, ठोके घसरत नाहीत, तर संधी द्यायची. मात्र सतत नजरेखाली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात फोलीचा फुगा (नळीच्या टोकाला फुगणारा) घालून गर्भाशयाचं तोंड मऊ केलं. गोळ्यांपेक्षा फुगा अशा बाळाला सोसतो, कारण कळा एकावर एक येण्याची भीती कमी. सकाळी कळा लागल्या, ठोक्यांची नोंद सतत चालू. तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर प्रत्येक कळेच्या शेवटी ठोके घसरू लागले आणि सावकाश वर येऊ लागले. कूस बदलून, कळांचं औषध बंद करूनही ते थांबेना. सिझर झालं. बाळ 2,080 ग्रॅम, लगेच रडलं, अपगार (जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला दिले जाणारे 10 पैकी गुण) 8 आणि 9. वार लहान, कडेला पांढरट कडक चकत्या. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला होता.

बाळाची साखर दुसऱ्या तासाला 42 आली. अशा बाळांच्या यकृतात साठा नसल्यामुळे हे अपेक्षितच असतं. दूध काढून पाजलं, तासाने 58. उघड्या छातीवर कांगारू पद्धतीने आईने, आणि ती दमली की आजीने धरलं. आजी म्हणजे तीच, "नववा लागला की गप्पच होतं" म्हणणारी. पाचव्या दिवशी सगळे घरी गेले.

आता एक अवघड बाजू. प्रत्येक बाईला हालचाली मोजायला लावाव्यात का? 1976 साली कार्डिफमध्ये "दहा मोजा"चा तक्ता निघाला. 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, 68,000 हून जास्त बायकांच्या अभ्यासात रोज मोजण्याने पोटातले मृत्यू घटले नाहीत. 2018 चा अफर्म अभ्यास ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चार लाखांहून जास्त गरोदरपणांचा. बायकांमध्ये जागृती आणि रुग्णालयात ठरलेली तपासणी-पद्धत, दोन्ही आणूनही मृतजन्म हजारी 4.40 वरून 4.06 वर आले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान. कळा सुरू करणं आणि सिझर मात्र वाढली. हे आकडे मी गांभीर्याने घेते. म्हणून सरसकट तक्ते वाटत नाही, आणि हालचाल एकदा कमी वाटली म्हणून कुणाचं सदतिसाव्या आठवड्यात बाळंतपण करत नाही. अशा बहुतेक बायकांचं सगळं नॉर्मल निघतं. त्या घरी जातात आणि दिवस भरून बाळंत होतात. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर प्रत्येकीला आपल्या बाळाची लय ओळखायला सांगते. शंका आली तर कुशीवर पडून दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्यायचं. दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच दिवशी यायचं, रात्र असली तरी. आणि दोन तासांच्या आधीच नक्की कळलं की काहीतरी बदललंय, तर थांबायचंही नाही. दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली तर तिला आणखी गंभीरपणे घ्यायचं. पहिल्या वेळी सगळं नॉर्मल निघालं, हे दुसऱ्या वेळी हात झटकायचं कारण होत नाही.

तिच्या प्रकरणात अजून एक धागा होता. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब 146/94 झाला. वाढ खुंटवणारी वार आणि रक्तदाब वाढवणारी वार अनेकदा एकाच मुळातली असते, आणि असा दाब बाळंतपणानंतरही वर येऊ शकतो. गोळी सुरू केली. पंधरवड्यात ती कमी करत बंद झाली.

सहाव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली तेव्हा वजन 3,400 ग्रॅम होतं. पुढच्या खेपेसाठी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलं : पाळी चुकली की लगेच दाखवणे, ॲस्पिरिन द्यायची की नाही हे सोळाव्या आठवड्याआधी ठरवणे, अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी वाढ आणि डॉपलर, मेंदूच्या धमनीसह, पोटाची उंची एकाच आलेखावर, गाव कुठलंही असो. त्या पानाचा फोटो तिच्या नवऱ्याने काढून घेतला, आणि एक प्रत आशाताईंनी आपल्या वहीत ठेवली.